विहीणबाईंबरोबर केळापूरला

विहीणबाई,

तुम्ही गेल्यापासून मी रोज रडायला बसते आणि रोज फसते. डोळे मिटले की तुमचा तो हार घातलेला फोटो समोर येत नाही. तुम्ही येता त्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वावरात फतकल मारून बसलेल्या, एक चप्पल पायात, एक धुऱ्याच्या बांधावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मग मला हसू फुटतं. मागच्या आठवड्यात भाजी निवडताना असं फुटलं की आमच्या ह्यांनी विचारलं, "काहून हसून राह्यली एकटीच?" मी म्हटलं, "विहीणबाई आठवल्या." त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्या हातातली भाजी काढून घेतली. दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं वाटलं असेल त्यांना.

तसं पाहिलं तर आपलं नातं केवढं? माझी पूजा तुमच्या निखिलची बायको, एवढंच. तुम्ही यवतमाळच्या, कोर्टकचेरीच्या नोकऱ्यांत पिढ्या घालवलेल्या घरातल्या कुमुदताई. मी तांड्यावरची, बंजाऱ्याची पोर. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले आणि आर्णीत घर बांधलं. पोरांनी पुण्यात परस्पर जमवलं आणि आपल्याला विहिणी करून टाकलं. त्यानंतरची काही वर्षं आपण सणावारी फोनवर बोलायचो. "तब्येत बरी ना?" "बरी." "पाऊस झाला का तिकडे?" "झाला." मग दोघी फोन ठेवायची वाट पाहायचो. तुम्हालाही तसंच वाटायचं, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत.

आणि गेल्या संक्रांतीनंतर एका सकाळी तुमचा फोन आला. "मी आर्णीच्या बसस्टँडवर उभी आहे. तुमची स्कूटर घेऊन येता का?"

मला वाटलं, पूजाचं आणि निखिलचं काही बिनसलं, नाहीतर तुमचं आणि पूजाचं. कणकेचे हात कसेबसे धुऊन मी निघाले. तुम्ही रसवंतीच्या बंद गाडीजवळ उभ्या होत्या. हिरवी सुती साडी, खांद्यावर शाल, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं नारळ.

"केळापूरला जायचंय. देवीची ओटी भरायची आहे."

"केळापूरले? अहो, यवतमाळवरून पांढरकवड्याले सरळ बस हाये, तिथून केळापूर जवळच. तुम्ही आर्णीले काहून उतरल्या?"

तुम्ही इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणालात, "बसनं जायचं नाहीये मला. पूजा सांगते, तुम्ही गाडीवर कुठंही जाता. आतल्या आतल्या रस्त्यांनी."

"घरी काय सांगितलं?"

"केळापूरला जाते म्हणून सांगितलं. कशानं, ते कोणी विचारलं नाही."

हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी शाळेत फार पाहिलं आहे. मधल्या सुट्टीत कुंपणावरून उडी मारायच्या आधी पोरींच्या तोंडावर येतं ना, तेच.

तुम्ही मागे बसलात ते एका बाजूनं, पिशवी मांडीवर, पाठ ताठ. माझ्या खांद्याला धरलंत ते बोटांच्या टोकांनी, तवा तापला का पाहावं तसं. गाव सुटलं, मोठा रस्ता सोडला, पहिला खड्डा आला आणि तुमचा अख्खा हात माझ्या खांद्यावर बसला. दुसऱ्या खड्ड्याला दुसराही. तिसऱ्याच्या आधी मीच गाडी थांबवली.

"विहीणबाई, दोन्हीकडं पाय टाकून बसा. पडसान अशानं."

"साडीत? लोक काय म्हणतील?"

"लोक हायेत कुठं? पऱ्हाटी हाये नुसती."

तुम्ही खरंच चारी बाजूंना पाहून घेतलंत. मग निऱ्या गोळा केल्या, साडी गुडघ्यापर्यंत ओढली आणि टांग टाकून बसलात. बसल्या बसल्या म्हणालात, "अगं बाई, हे किती सोपं आहे!"

नेहमी मी हा रस्ता दोनअडीच तासांत काढते. त्या दिवशी आपण तो संध्याकाळपर्यंत पुरवला. कुठं थांबलो नाही ते सांगणं सोपं. हरभरा घाट्यांवर आला होता, म्हणून थांबलो. एका वावरातल्या म्हाताऱ्यानं न मागता डहाळे उपटून दिले, ते सोलत पुलाच्या कठड्यावर बसलो. बोरीचं झाड दिसलं म्हणून थांबलो. तूर कापणीला आली होती, तिचा वास तुम्हाला हवा होता, म्हणून थांबलो. वास काय घ्यायचा तुरीचा! पण तुम्ही डोळे मिटून उभ्या राहिलात.

शेवटची वेचणी चालू होती एका वावरात. बाया कंबरेला ओट्या बांधून कापूस वेचत होत्या. आपल्याला पाहून एकीनं हाळी दिली, "कुठं जाऊन राह्यल्या वो बाई?"

मी काही बोलायच्या आत तुम्ही मागून ओरडलात, "फिरायला!"

"कोनाच्या घरी?"

"कोणाच्याच नाही!"

अख्खं वावर हसलं. "मंग आमालेबी न्या!" असं कोणीतरी म्हणालं, आणि तुम्ही मागे वळून हात हलवत राहिलात, पार वळण येईपर्यंत. गाडी डगमगत होती माझी.

घाटंजीत आलुबोंडा खाल्ला. तर्री बेतानं टाका, असं मी हळूच दुकानदाराला सांगितलं, तर तुम्ही त्याला म्हणालात, "त्यांचं ऐकू नका." इथवर सगळं हसण्यातच गेलं.

घाटंजी मागे पडल्यावर थोड्या वेळानं डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. आत तांडा आहे. तिथं माझी याडी, म्हणजे आई, राहते. मी त्या फाट्यावरून गाडी सरळ काढली, वेगही कमी केला नाही.

तुमच्या लक्षात आलं. "तुमचं माहेर इकडेच कुठंसं ना?"

"मागं राह्यलं."

"मग थांबला का नाहीत? आई आहेत ना तिथं?"

मी रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला. मनात इतकी वर्षं साचलेलं सगळं त्या ब्रेकबरोबर वर आलं. "थांबून काय करू? याडी ताट वाढन, अन तुम्ही म्हनसान, आज उपास हाये."

गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं.

लग्नाच्या दिवशी आर्णीच्या त्या हॉलमध्ये तुमच्याकडची सहासात माणसं खुर्च्यांवर ओळीनं बसली होती आणि सगळ्यांचा नेमका त्याच दिवशी उपास होता. माझ्या याडीला ते कळलं नाही. फेटिया-कांचळी हा आमचा घागरा-चोळीचा पेहराव घालून, ठेवणीतले सगळे दागिने अंगावर चढवून, ती स्वतः ताट घेऊन तुमच्यासमोर आली होती. तुम्ही हात जोडलेत. ती ताट घेऊन तशीच मागे फिरली. हे सगळं मी तुम्हाला रस्त्यावर उभं राहून सांगितलं. आवाज माझा चढलाच असेल. आजूबाजूला कोणी नव्हतं, तेवढं बरं.

तुम्ही खाली उतरलात. पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवलीत.

"उपास नव्हता," तुम्ही म्हणालात.

"माहीत हाये मले."

"येताना गाडीतच ठरलं होतं, कोणी जेवायचं नाही. मी मान हलवली. मी नेहमीच हलवते." मग जरा थांबून, "आणि विहीणबाई, मला इतकी भूक लागली होती! सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुमच्याकडच्या त्या वांग्याच्या भाजीचा वास येत होता. परत जाताना मी गाडीत रडले. सगळ्यांना वाटलं, मुलगा हातचा गेला म्हणून रडते. मी भुकेनं रडत होते हो. आणि त्या बाईंचं तोंड डोळ्यांसमोरून जात नव्हतं म्हणून."

मला राग धरून ठेवायचा होता. पण भुकेनं रडणारी वकिलीणबाईंसारखी दिसणारी एक बाई मोटारीत मागच्या सीटवर, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझ्या तोंडून हसू निसटलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. पिशवी उचललीत, टांग टाकून मागे बसलात आणि म्हणालात, "गाडी वळवा."

याडी अंगणात उन्हाला बसली होती. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं. "ई कूण छ?" कोण आहे ही? मी सांगितलं. तिनं तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि उठून घरात गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मलाही ठाऊक नव्हतं, ती आता बाहेर येते की नाही.

ती आली ती ताट घेऊन. ज्वारीची बाटी म्हणजे भाकरी, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, लसणाची चटणी, कांदा. तुमच्यासमोर ठेवलं आणि उभीच राहिली. बसेना.

तुम्ही हात धुतलेत, मांडी घातलीत आणि जेवायला लागलात. तिसऱ्या घासाला तुमचं नाक वाहायला लागलं, चौथ्याला डोळे. पाणी प्यायलात, पदरानं नाक पुसलंत आणि पुन्हा जेवायला लागलात. दुसरी बाटी मागून घेतलीत. तेव्हा कुठं याडी खाली बसली आणि आमच्या बोलीत मला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?" तुम्ही विचारलंत.

मी टाळाटाळ केली. तुम्ही सोडेनात.

"विचारते, उपास सुटला का?"

तुमचा घास हातातच राहिला. मग तुम्ही तिच्याकडे वळून म्हणालात, "सांगा त्यांना, आज सुटला."

मला सांगावं लागलंच नाही. मराठी तिला माझ्याइतकीच कळते. फक्त तिला हवी तेव्हा कळते. ती हसली. तोंडात दात नाहीत, पण हसली अशी की शेजारची म्हातारी बाहेर आली पाहायला. निघताना तिनं तुमच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सगळी मोडली, एकही वाजायचं राहिलं नाही.

तांड्यातून बाहेर पडून डांबरी रस्त्याला लागलो तर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "मले चालवू द्या नं."

मी चमकले ते चालवण्यापेक्षा त्या "मले"नं. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून मी कधी "मला"शिवाय काही ऐकलं नव्हतं.

"तुमाले येते?"

"सायकल येत होती. वडील पांढरकवड्याच्या कोर्टात होते. दुपारी ते झोपले की मी त्यांची सायकल पळवायची. ह्या भागातल्या किती पांदणींतून फिरलेय मी!"

"अन लग्नानंतर?"

"लग्नानंतर कोणी विचारलंच नाही, येते का म्हणून."

मी मागे बसले आणि तुम्हाला गाडी दिली. सरळ रिकामा रस्ता, दोन्हीकडे पऱ्हाटी. मी सांगत होते, "हळूहळू पिळा, हळूहळू," आणि तुम्ही एकदम पिळलंत. गाडी उडाली. मी "ब्रेक! ब्रेक!" ओरडत होते, तुम्ही "कुठाय? कुठाय?" ओरडत होतात. रस्ता उजवीकडे वळला, आपण सरळ गेलो. धुऱ्यावर मी पडले. तुम्ही आणखी थोड्या पुढे, पऱ्हाटीत.

माझा जीव गेला होता, विहीणबाई. बासष्टीची बाई, घरच्यांना काय तोंड दाखवू? धावत आले तर तुम्ही तशा बसलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केसांत कापूस. आणि हसत होतात. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत.

"काही मोडलं का?"

"नारळ," तुम्ही म्हणालात.

देवीचं नारळ दगडावर आपटून दुभंगलं होतं. आता ते ओटीत चालणार नव्हतं. आपण तिथंच बसून खाल्लं. पाणी मातीत गेलं होतं, पण खोबरं गोड होतं. खाऊन झाल्यावर तुम्ही साडी झटकलीत आणि म्हणालात, "परत एकदा."

ह्या वेळी मी मागे बसले नाही. तुम्ही एकट्या गेलात. आधी डगमगत, मग सरळ. हिरवी साडी लहान लहान होत गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. मी रस्त्यात उभी. गाडीचा आवाज कमी होत होत बंद झाला. मनात किती काय येऊन गेलं, ते तुम्हाला सांगितलं नाही. आणि मग लांबून हॉर्न ऐकू आला. एकसारखा, थांबतच नव्हता. तुम्ही हॉर्नवर बोट ठेवून येत होतात, शाल गळ्याभोवती फडफडत, तोंड उघडं. गाणं म्हणत होतात की ओरडत होतात, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

केळापूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. देवळाबाहेर दुसरं नारळ घेतलं. तुम्ही देवीची ओटी भरलीत आणि मग तिथंच, गाभाऱ्याच्या बाहेर, मला म्हणालात, "पदर पसरा." पिशवीत दुसरा खण होता. म्हणजे घरातून निघतानाच घेतला होता. तांदळाचा एकही दाणा न सांडता तुम्ही माझी ओटी भरलीत.

"आता राग गेला का हो तुमचा?" तुम्ही विचारलंत.

"थोडा हाये."

"तो कधी जाईल?"

"ठेवून घेते. पुढच्या वर्षी तुमाले परत आनाले काहीतरी पाह्यजे नं."

मी गमतीनं बोलले होते. तुम्ही मान हलवलीत, म्हणालात, "चालेल, ठेवा." मग उन्हाळा आला, मग चिखल, आणि दिवाळीच्या आधी तुमचं दुखणं. खरं सांगायचं तर राग तेव्हाच गेला होता, बाटीच्या तिसऱ्या घासाला. ते तेवढं तोंडानं म्हणायचं राहिलं.

दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. पूजा उशाशी होती. तुम्ही मला खूण करून जवळ बोलावलंत आणि पुटपुटलात, "गाडी आणली का?" मी म्हटलं, "आनली. खाली लावली." मी बसनं आले होते. तुम्ही डोळे मिटून हसलात.

याडीला मी फोनवरच सांगितलं. त्या दिवसापासून ती तुम्हाला "उपासवाळी" म्हणायची. महिन्यातून एकदा तरी विचारायची, उपासवाळी कशी आहे. तुम्ही गेल्याचं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भुकी तो कोनी गी?" उपाशी तर नाही ना गेली? मी म्हटलं, नाही याडी. एवढंच बोलून आम्ही दोघींनी फोन ठेवला.

आणि परवा तुमची तेरवी झाली. पाहुणे पांगल्यावर मी निघायला पिशवी उचलली, तर तुमच्या यजमानांनी, नानासाहेबांनी बोलावलं. तुमचे नानासाहेब माझ्याशी आजवर "या" आणि "बसा" याखेरीज काही बोललेले नाहीत. खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. समोर पूजा, निखिल, तुमच्या मोठ्या जाऊबाई.

"तुम्ही दोघी केळापूरला गेला होतात," ते म्हणाले. "ती त्या दिवसानंतर वेगळीच वागायला लागली. स्वयंपाकघरात एकटीच हसायची. विचारलं तर सांगायची नाही. काय झालं होतं तिथं?"

मी पूजाकडे पाहिलं. तुम्ही घरात सांगितलं नव्हतंत, म्हणजे ते तुमचं होतं. सांगू की नको? पण म्हाताऱ्या माणसाचे डोळे असे लागले होते माझ्याकडे की मला राहवलं नाही. सांगितलं. बसस्टँडपासून सांगितलं. लग्नातल्या ताटाचंही सांगितलं, काही गाळलं नाही. जाऊबाईंनी तेवढ्यापुरती मान खाली घातली. पण वावरातल्या बायांना तुम्ही "फिरायला" म्हणून ओरडलात तिथं निखिल फसकन हसला, आणि ब्रेक सापडेना तिथं जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते.

नानासाहेब हसले नाहीत. म्हणाले, "तिला सायकल येत होती?"

"हो."

"चांगली?"

"वडलांची पळवायच्या. अख्खा परिसर फिरल्या होत्या."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "इतकी वर्षं," ते म्हणाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे वळले.

"हॉर्न वाजवत आली म्हणता?"

"हो. थांबवतच नव्हत्या."

आणि विहीणबाई, तुमचे नानासाहेब हसले. गळ्यातून आवाज काढून, डोळे पुसत. पाहुणे गेलेल्या त्या घरात आम्ही सगळे हसलो. रागावला असाल तर रागवा, आता घरात सगळ्यांना माहीत झालं आहे.

मी पुन्हा पिशवी उचलली. शेवटची बस गाठायची होती. नानासाहेब म्हणाले, "आज राहा. मला अजून विचारायचंय."

पूजानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. तुमच्या घरी मी पहिल्यांदाच मुक्काम केला.